दौलत मिस्त्रींचं भेव

दौलत मिस्त्रींच्या दुकानासमोर जीप उभी केली की पहिली पाच मिनिटं असं वाटायचं, आजारी जीप नाहीच, आपण आहोत. आणि आजारही साधासुधा नाही. मिस्त्री जीपभोवती एक फेरी मारत, खाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मधे बघत, उठून कमरेवर हात ठेवत आणि हळू आवाजात विचारत, "यातूनच आल्या का तुमी, ताई?" मी हो म्हटलं की नुसती मान हलवत. आपण जिवंत पोचलो याचंच त्यांना नवल वाटत असे. पुढचे दोन दिवस मग मला त्या जीपमध्ये बसायची धास्ती वाटायची. मी मुळात भित्री नाही. नर्स आहे, रक्त बघितलंय, माणसं जाताना बघितली आहेत. पण या माणसाच्या दुकानातून मी कधी निर्धास्त परतले नाही.

ही नव्वदनंतरच्या पाचसहा वर्षांतली गोष्ट. मी एका आरोग्य संस्थेत होते. ऑफिस वर्ध्यात आणि आमची गावं थेट कारंज्याच्या पुढे टेकड्यांमधली. तिथे साधी गाडी चढत नसे, म्हणून संस्थेने लिलावातली एक जुनी लष्करी जीप घेतली होती, चारही चाकांना जोर देणारी. चालवायला पवनारचा शंकर. अंगाने धिप्पाड, मनाने लहान मूल. जीप बिघडली की शंकर ती पिपरी मेघेच्या रस्त्याला, कडुनिंबाखालच्या टिनाच्या छपराशी आणून लावायचा आणि मी तिथल्या बाकावर रजिस्टर घेऊन बसायची. दौलत मिस्त्रींना मी ओळखते ती त्या बाकावरून.

उंच, वाळलेला माणूस. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथे सुतळी. पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला. हात मात्र त्या अंगाला शोभणारे नव्हते. दुसऱ्या कुणाचे तरी मोठे हात उसने आणून लावल्यासारखे. इतर मिस्त्री इंजिनात रमायचे. यांना इंजिनाचं काही विशेष नव्हतं. "इंजिन बंद पडलं तं गाडी उभी राह्यते. उभी गाडी कोनाले मारत नाई," असं म्हणत. त्यांचं लक्ष सगळं समोरच्या एक्सलवर. पुढच्या दोन चाकांना जोडणारा तो जाडजूड लोखंडी दांडा, मधे दातेरी चक्रांचं पोट, दोन्ही टोकांना वळणारी चाकं. जुना तडकला, वाकला की तो अख्खा काढून दुसऱ्या जीपचा बसवायचा. हे काम पुष्कळ जण करत. पण आर्वी, हिंगणघाट, पार यवतमाळपर्यंतचे लोक गाडी ओढत का होईना इथेच आणत, कारण दौलत मिस्त्री घाबरून काम करतात ही त्यांची ख्याती होती. न घाबरणारा मिस्त्री स्वस्तात मिळायचा.

घाबरून म्हणजे कसं? जीप जॅकवर उचलली की खाली लोखंडी घोड्या लावायच्या, हे सगळेच करतात. मिस्त्री घोड्या लावत, मग त्यांच्याशेजारी सागाचे ओंडके ठेवत, मग काढलेली चाकं आडवी सरकवत, आणि एवढं झाल्यावर जीपला खांदा लावून ती पाडायचा मनापासून प्रयत्न करत. ती पडली नाही म्हणजे मग खाली शिरत. शिरण्याआधी पायातली चप्पल काढून बाहेर नीट जोडून ठेवत. देवळात शिरताना ठेवतात तशी. एकदा मी हसले. तर त्यांची बायको गिरजाबाई, चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "हासू नोका ताई. घरी याच्यापेक्षा जास्त हाये. दाराची कडी लावते अन् तीनदा उठून पाह्यते. आमची कडी चोरानं नाई, यायच्याच हातानं झिजली."

एकदा एक गिट्टीखदानीचा ठेकेदार आपली जीप घेऊन आला. नागपूरच्या भंगारातून त्याने स्वतःच एक एक्सल उचलून आणला होता. "सेम टू सेम हाये मिस्त्री, आंगावरचा रंगबी तोच. बसवून द्या फकत," असा त्याचा थाट. मिस्त्रींनी तो एक्सल ओंडक्यांवर ठेवला. एक चाक अधांतरी धरलं, त्यावर खडूने खूण केली, तशीच खूण मधल्या पोटातून निघणाऱ्या दांड्याच्या तोंडावर केली. ठेकेदाराला चाक फिरवायला लावलं, बरोबर दोन फेरे. स्वतः दांड्याचे फेरे मोजत बसले. पाचाच्या जरा अलीकडे तो थांबला. मग जीपच्या मागच्या एक्सलचे तसेच मोजले. तो पाचाच्या पुढे गेला.

"मंग?" ठेकेदार म्हणाला. "अर्ध्या फेऱ्याचा तं फरक हाये."

"सडकेवर काई नाई होणार," मिस्त्री म्हणाले. "समोरची चाकं तवा नुसती मागं मागं येते. पन खदानीत तुमी फोर व्हीलचा गियर टाकसान. तवा समोरची चाकं एक म्हनन अन् मागची दुसरं. घरात दोघं एका मताचे नसले तं निभते, लोकाइचं निभूनच राह्यलं. गाडीचं नाई निभत. उतारावर स्टेरिंग लाकडावानी होऊन जाईन तुमचं."

ठेकेदार चिडला. दुसरीकडे बसवून घेतो म्हणाला, आणि निघाला. मिस्त्री त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. मला वाटलं गिऱ्हाईक परत बोलवायला गेले. ते त्याला सांगत होते, "बसवा कोठीबी, पन उतारावर तो गियर नोका टाकजा. हात जोडतो." आणि खरोखर हात जोडून उभे होते. नंतर आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते त्या ठेकेदाराची खबर विचारत राहिले. तो सुखरूप आहे, त्याने निमूटपणे दुसरा एक्सल शोधला, हे कळलं तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं, असं गिरजाबाई सांगायची.

त्यांचे दोन नियम साऱ्या जिल्ह्यातल्या जीपवाल्यांना पाठ होते. एक स्टेपनीचा. एक्सल ज्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसतो त्यांना तो बांधून ठेवतात ते यू-बोल्ट. दर बाजूला दोन बोल्ट, चार नट. नवा एक्सल बसला की पहिल्या दिवसाच्या धावण्यात हे नट थोडे सैल पडतातच, पाटे दबून बसतात ना. म्हणून संध्याकाळी गाडी परत आणून ते पुन्हा आवळायचे असतात. ड्रायव्हर लोक कसले येतात! गाडी चालली की चालली. म्हणून मिस्त्री स्टेपनीच ठेवून घेत. जादाचं चाक नसलं की माणूस लांब जात नाही, आणि संध्याकाळी मुकाट्याने परत येतो. दुकानाच्या भिंतीशी अशा ओलीस ठेवलेल्या तीनचार स्टेपन्या कायम टेकलेल्या दिसत.

दुसरा नियम जास्त कडक. त्यांनी आवळलेल्या नटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "नटाले दोन मालक नसते. तू थोडा आवळशीन, मी थोडा आवळीन, अन् दोघंबी म्हनून की दुसऱ्यानं पाह्यलं असन. मानूस मरते ते या 'असन' मधी." शेवटचा आवळ ते स्वतः देत, लांब पान्याने, डोळे मिटून. किती आवळायचं ते हात सांगतो, म्हणत. मग नट आणि बोल्ट दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. त्या रेघेला आमचा शंकर फार मानायचा. जीप धुताना तेवढ्या जागी ब्रशही लावत नसे.

सगळ्यांची खात्री होती की या माणसाच्या हातून कधीतरी मोठा अपघात झालेला असणार. कुणी म्हणे लग्नाची जीप उलटली होती, कुणी म्हणे सख्खा भाऊ गेला. आमच्याकडे माणसाच्या भीतीला काहीतरी कारण लागतंच. एकदा मी धीर करून विचारलं, "मिस्त्री, तुमच्या हातच्या गाडीला कधी अपघात झाला होता का?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "नाई ताई. आजून नाई झाला." मग म्हणाले, "म्हनूनच तं भेव वाटते. झाला असता तं एका परीनं सुटलो असतो. मालूम असतं का कसा होते अन् कवा होते. आता तो कोठीतरी उभा हाये माह्यासाठी, अन् मले रस्ता मालूम नाई."

त्या दिवशी मी रजिस्टर मिटलं आणि लवकर घरी गेले.

आता मला माझ्यावर यायला हवं. यायची इच्छा नाही, पण त्याशिवाय मिस्त्रींचं चित्र पुरं होत नाही.

त्या वर्षी होळीच्या आधी आमच्या जीपचा समोरचा एक्सल नाल्यातल्या दगडावर आपटून तडकला. मिस्त्रींनी पुलगावकडच्या एका जीपवाल्याकडून जोडीला जुळणारा एक्सल मिळवला, खडूने फेरे मोजले, पुढचा मागचा एका मताचा निघाला. बसवायला चार दिवस लागले. नेमक्या त्याच दिवसांत टेकडीवरच्या टोलीत गोवर आला. टोली म्हणजे वीसपंचवीस घरं. पहिल्या तीन दिवसांत दोन मुलं गेली. मी रोज दुकानावर येऊन बसायची आणि मिस्त्रींच्या प्रत्येक ओंडक्यावर मनातल्या मनात दात खायची.

चौथ्या दिवशी सकाळी, शेवटचा आवळ द्यायच्या वेळी, त्यांच्या हातून पाना पडला. उचलला, पुन्हा पडला. त्यांनी शंकरला पाणी आणायला धाडलं आणि मला जीपच्या पलीकडे बोलावलं.

"ताई, तुमी नर्स हाये. माहा हात पाहा बरं जरा."

दिवाळीपासून उजव्या हाताची दोन बोटं झोपल्यासारखी वाटतात, मान दुखते, असं म्हणाले. मी माझी दोन बोटं त्यांच्या पंजात दिली आणि घट्ट दाबा म्हटलं. त्यांनी दाबली. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर उठली, आणि माझ्या बोटांना काहीच कळलं नाही. बालवाडीतली पोरं याहून जोरात धरतात.

"जोर हाये ना?"

"आहे की," मी म्हटलं. "वयाप्रमाणे थोडं कमी होणारच."

"नटापुरता हाये?"

"आहे."

मी दयेपोटी खोटं बोलले, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. चाळीस वर्षं ज्या हातावर माणूस उभा आहे तो हात गेला, हे कसं सांगायचं, वगैरे. खरी गोष्ट अशी की मला जीप हवी होती. हात गेलाय म्हटलं असतं तर त्यांनी ती दिलीच नसती. दुसऱ्याला नट लावू दिला नसता, आणि मुलं तिकडे मरत होती. मला सगळं पटलेलं होतं. पटलेलं असलं की खोटं फार सहज बोलता येतं.

त्यांनी डोळे मिटून आठ नट आवळले, रेघा ओढल्या आणि सवयीने स्टेपनीला हात घातला. मी म्हटलं, आज परत येता यायचं नाही, टोलीवर मुक्काम आहे, रस्ताभर बाभळीचे काटे, स्टेपनी लागेल. ते बराच वेळ स्टेपनीवर हात ठेवून उभे राहिले. मग ती घरंगळत माझ्यासमोर आणली.

"पयल्यांदा देऊन राह्यलो, ताई. तुमी म्हनता म्हनून."

रस्त्यात माझ्याने राहवलं नाही. मी शंकरला म्हटलं, "एकदा कुणाचा तरी पाना मागून बघतोस का त्या नटांना?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला देवाच्या मूर्तीवर पाय दे म्हटलं. "मिस्त्रीच्या नटाले? काऊन ताई? काई झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं. दिवसातलं ते दुसरं खोटं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोलीतली सगळी मुलं तपासली, लसी टोचल्या. एक तीन वर्षांची मुलगी मात्र तापाने फणफणलेली होती, श्वास इतका भरभर की बरगड्या मोजता येत. तिला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला तिला आणि तिच्या आईला मागे घेऊन आम्ही खाली निघालो. घाट तीन किलोमीटरचा. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, आणि कठडा म्हणाल तर चुन्याने रंगवलेले चार दगड.

दुसऱ्या वळणावर शंकर म्हणाला, "ताई, गाडी डाव्या आंगाले ओढून राह्यली."

मी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. डावीकडे दरी होती म्हणून नाही. का ओढते आहे हे त्या जीपमध्ये मला एकटीला माहीत होतं म्हणून. मी थांब म्हटलं. शंकरने चाकामागे दगड लावले, आम्ही दोघं खाली वाकलो. डाव्या बाजूच्या चार नटांपैकी तिघांवरच्या रेघा तुटल्या होत्या. बोल्टवर रेघ एकीकडे, नटावर भलतीकडे. एक नट तर शंकरच्या चिमटीने फिरला. एक्सल पाट्यावर बोटभर मागे सरकला होता. त्या मापाचा पाना आमच्याकडे नव्हता. ते काम आमचं नव्हतंच ना कधी.

शंकर हात जोडून रडायला लागला. मागून त्या आईने विचारलं, "काय झालं जी?" मी म्हटलं, काही नाही. माझ्या तोंडाला तेव्हा हे दोनच शब्द येत होते. मुलीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि तिला उचलून त्या उन्हातून चालत जायचं की थांबायचं, या विचारात उभी राहिले. चाललं तर ती उन्हाने जाईल, थांबलं तर तापाने, बसलं तर सगळेच.

तेवढ्यात खालच्या वळणावर एक उंच माणूस चढताना दिसला. डोक्यावर दुपट्टा, खांद्याला पिशवी, पिशवीतून पान्याचं तोंड बाहेर. दर दहा पावलांवर थांबून गुडघ्यावर हात ठेवत होता. मी त्यांना हाक मारली नाही. मारवली नाही.

मिस्त्री आले. चप्पल काढून बाजूला ठेवली आणि खाली शिरले. पाना नटावर बसल्याचा आवाज आला, मग घसरल्याचा. पुन्हा बसला, पुन्हा घसरला. बाहेर आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. जोर लावताना टाचा मातीत रुतत होत्या. पाचसहा वेळा असं झालं आणि मग ते पाय हलायचे थांबले. मला वाटलं, यांना काही झालं की काय.

"शंकर," आतून आवाज आला. "ये. लाव पाना."

"मी नाई लावत मिस्त्री."

"लाव म्हनलं ना."

"तुमच्या नटाले मी..."

"आता तो माहा नट नाई, बापू. ये."

शंकर आत शिरला. दोघं शेजारी शेजारी पडून होते. मिस्त्री सांगत होते, आणखी, आणखी, आता हळू, बस. चारही नट एकाच्या हाताने आवळले गेले, मग उजव्या बाजूचेही. पण बाहेर येऊन मिस्त्री म्हणाले की पाट्याच्या मधला बोल्ट तुटलेला आहे, तो खालीच बदलता येईल, तोवर एक्सल पुन्हा सरकणार नाही असं ते सांगू शकत नाहीत.

"पोरीले उन्हातून नेता येईन का, ताई?"

मी नाही म्हटलं. या वेळी खरं बोलले.

"मंग तिले टपाखालीच राहू द्या, तुमी तिच्यापाशी बसा. शंकर, पयल्या गियरात टाक. मी चालन तसा येजो. मी हात वर केला का जागच्या जागी थांबजो, इचारू नोको."

ते जीपच्या समोर, डाव्या चाकापुढे जाऊन उभे राहिले. दरीच्या अंगाला. आमच्याकडे तोंड करून. आणि डोळे त्या सांध्यावर ठेवून उलटे चालायला लागले.

जवळजवळ तीन किलोमीटर. मी मुलीचा श्वास मोजत होते आणि काचेतून त्यांना बघत होते. घामाने चष्मा घसरायचा, तो ते खांद्याने वर सारायचे. नजर काढायची नाही म्हणून हात लावत नव्हते. त्यांच्या पाठीमागे वळण आलं की शंकर ओरडायचा, "मिस्त्री, मांगं खाई हाये!" आणि ते न बघता पायाने चाचपत आत सरकायचे. एकदा दगडावर टाच पडून कोसळले. शंकरने ब्रेक मारला. बंपर आणि त्यांची छाती यांच्यात वीतभर अंतर राहिलं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ते बंपरला धरून उठत होते. "काऊन पाह्यत बसला? चाल," एवढंच म्हणाले. ती जीप सरकली असती तर आधी त्यांच्यावर गेली असती, हे त्यांना ठाऊक होतं. तशी सोय करूनच ते पुढे उभे राहिले होते. अपघाताने आमच्यासाठी ठरवलेल्या जागी ते स्वतः जाऊन उभे राहिले, असं मला त्या घाटात वाटलं, आणि आजही वाटतं.

खाली फाट्यावर पोचलो तेव्हा एसटीला थोडा वेळ होता. मुलगी वाचली, हे इथेच सांगून टाकते. आता तिला तिची मुलं असतील. पण त्या फाट्यावर ते कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्री बाभळीच्या सावलीत बसले होते, टाचेतून रक्त येत होतं. मी बांधायला गेले तर पाय पुढे केला.

"तुम्ही आलात कसे?" मी विचारलं.

"सकाळी पानी पिवाले लोटा उचलला, तो हातातून पडला. भरेल लोटा, ताई. मंग पयली एस्टी धरली."

मी पट्टी बांधत राहिले. मान वर न करता म्हटलं, "मिस्त्री, काल मी खोटं बोलले."

"मले मालूम होतं."

"माहीत होतं? मग..."

"मलेबी तेच आयकाचं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "चाळीस वर्सं भेव धरून राह्यलो. येकच दिवस सोडलं, ताई. तुमी हो म्हनलं अन् मले इतकं बरं वाटलं, का मी सोडूनच देल्लं."

एसटी आली. मी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन चढले. ते आणि शंकर जीपपाशी थांबले. त्यानंतर मिस्त्रींनी दुकान उघडलं नाही. मी पिपरी मेघेला दोनदा गेले, दोन्ही वेळा गिरजाबाईच भेटली. ते घरात असून बाहेर आले नाहीत. तिसऱ्यांदा जायचं धैर्य मला झालं नाही.

शेवटचे दिसले ते सहासात वर्षांनी. तोवर पिपरी मेघेत घरंच घरं झाली होती, त्यांच्या छपराच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. आमची जीप अजून चालत होती. आम्ही नागपूरहून येत होतो आणि पवनारला एसटीच्या थांब्यावर ते उभे होते, पांढरे झालेले, आणखी वाळलेले. मी ओरडले, "शंकर, मिस्त्री!" पण त्याने आधीच पाहिलं होतं. त्याने गाडी थांबवली नाही. पहिल्या गियरात टाकली आणि माणूस चालेल इतक्या वेगाने त्यांच्यासमोरून नेली.

मी हात हलवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, शंकरकडेही नाही. त्यांची नजर डाव्या चाकावर होती, जीप समोरून जाईपर्यंत तिथेच राहिली. मग त्यांनी डावा हात उचलून जा अशी खूण केली. उजवा खाली लोंबत होता.